खालचा आखूड थर

बॉबिनचा डबा आपोआप वाजला. नागम्मानं पायडलवरचा पाय उचलला. मशीन थांबली तरी डबा वाजत राहिला, बारीक, कुणी सुपात ज्वारी हलवावी तसा, आणि मग थांबला. कापायच्या टेबलावर कात्री होती. तिचं एक पातं टेबलाच्या कडेकडं सरकल्यासारखं वाटलं, पण ते खरं की भास हे तिला सांगता आलं नसतं. बाहेर ट्यूशन एरियात दुपारचं ऊन पडलं होतं. रसवंतीवाला गिऱ्हाइकाशी हसत होता. समोरच्या भिंतीवर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींचे फोटो ओळीनं चिकटवलेले, तेही हसत होते. कुणीच वर बघितलं नाही. नागम्मानं बघितलं. डोक्यावर स्लॅब. स्लॅबवर व्यंकटरावांचं मुलींचं होस्टेल, मजल्यावर मजला, तिच्या देखत वाढत गेलेलं. जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट, गेटला कुलूप. आणि त्या कुलपाची किल्ली तिच्या मशीनमागं खिळ्याला, हात लांब केला की येईल एवढ्या अंतरावर.

उठावं असं तिला वाटलं आणि उठता आलं नाही. मांडीवर मालविकाच्या घागऱ्याचा कॅनकॅन होता. मालविका म्हणजे व्यंकटरावांची लेक, तिच्या साखरपुड्याचा घागरा फुलून दिसावा म्हणून आतून लावायची ही कडक जाळी. जाळी मांडीवरून ओघळून पायडलभर पसरली होती, पाय तिच्याखाली होते. उठायचं तर आधी घेर गोळा करायचा, सुईखालून कड सोडवायची, मग पाय. एवढ्या वेळात काय काय होऊन जातं, हे तिला ठाऊक होतं. ती तशीच बसून राहिली आणि डब्याकडं बघत राहिली. डबा आता शहाण्यासारखा गप्प होता. एखादा टेम्पो गेला असंल, ती स्वतःशी म्हणाली. पण टेम्पो गेला असता तर त्याची घरघर ऐकू आली असती. ती रस्त्याकडं कान देऊन ऐकत होती. नुसती रसवंतीची घुंगरं चरकाबरोबर वाजत होती, नेहमीसारखी.

किल्ली देताना व्यंकटराव हसून बोलले होते. "दुकान तुमचं, किल्ली तुमच्याकडं. पोरी अभ्यासाला बसल्या की कुलूप. माझा फोन आल्याबिगर गेट उघडलात, की दोन्ही गेलं समजा, काकू." ती मान डोलवून "हाव" म्हणाली होती. जिन्याखालची ही जागा म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि मागं निजायपुरती फळी. पुनर्वसनाच्या गावात नवरा वारल्यावर ती मशीन घेऊन लातूरला आली ती इथंच टेकली. या वयात दुसरी जागा कोण देणार, आणि दिली तरी नवी गिऱ्हाइकं कुठून आणणार? इथं वरच्या पोरी होत्या. कुणाच्या कुर्त्याची बाही आवळायची, कुणाची सलवार सैल करायची. अभ्यासानं कुणी वाळत होती, कुणी सुजत होती. त्यांचे कपडे उसवताना आणि पुन्हा शिवताना त्यांची वर्षं कशी चाललीत ते तिला समजायचं.

पाठीमागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना झगा लटकत होता. दुकानात येणारा प्रत्येक जण तो बघायचा आणि विसरायचा. एके काळी पांढरा-गुलाबी असावा. आता आंबिलीच्या रंगाचा झाला होता. अंगाला घट्ट बसणारी छोटी चोळी, आणि कमरेपासून सरळ बाहेर निघालेली जाळीची गोल चकती, जेवणाच्या ताटासारखी आडवी, एकाखाली एक थर. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांपुढं मदतीच्या कपड्यांच्या गाठी फुटायच्या तेव्हा त्यातनं काहीही निघायचं. गुडघ्यापर्यंतचे बूट, टाय, केसाळ कोट. दगडोबा म्हातारा बाईचा कोट घालून ऐटीत हिंडायचा. बटणं उलट्या बाजूला आहेत म्हणून रोज सकाळी शिव्या द्यायचा. त्याच गाठींतून हा झगा निघाला. बायांनी तो हातोहात फिरवला. कुणी डोक्यावर ठेवला, कुणी म्हणालं दिव्यावरची टोपी असंल, कुणी म्हणालं चुंबळ. भामाबाई, नागम्माची चुलत जाऊ, तिनं निकाल दिला. "अगं, पदार्थावर झाकायची जाळी हाय ही. फॉरेनला माशा न्हाईत व्हय?" आणि त्या वर्षीच्या येळवशीला, शेतात जाऊन जेवायच्या त्या अमावस्येला, ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलं होतं अशा सगळ्यांनी एकत्र एका रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी शिजवली, आणि आंबिलीच्या मडक्यावर तो झगा झाकला.

नागम्मा मडक्यापाशी बसली होती. जाळीतून आंबील दिसत होती, पांढरट, संथ. वर माशा बसत होत्या आणि थरांतच अडकत होत्या. पहिल्या थरातून आत जायच्या, दुसऱ्यातून वाट सापडायची नाही. ती त्या माशांकडं बघत बसली. कुणी जेव म्हणालं तर तिला ऐकूच यायचं नाही. तेवढ्यात लातूरहून शिवण शिकवायला शेडात येणारी रईसाआपा, जिला सगळ्यांनी येळवशीला बोलावलं होतं, बांधावरून येता येताच ओरडली. "या अल्ला! अगे, वो झगा है! नाचनेवाली का झगा! आंबील पे कायको डाले?" सगळ्या बाया हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या आणि हसता हसता भामाबाई रडायला लागली. रईसाआपानं झगा उचलून झटकला, माशा उडवल्या, उलटा धरला आणि आतल्या टाक्यांवरून बोट फिरवायला लागली. हैद्राबादेत जाळीचे फ्रॉक शिवून तिची बोटं तयार झाली होती. "इधर देख नागम्मा," ती म्हणाली, "सबसे नीचे का थर सबसे आखूड. वो वरच्याला धरता, वो उसके वरच्याला. अन टाके सैल. घट्ट मारला की घेर मर जाता." मग झगा कुणी घ्यायचा हे ठरवावं लागलंच नाही. तो लहान होता. एखाद्या पोरीच्या मापाचा. बायांनी तो नागम्माच्या मांडीवर ठेवला, कारण त्या मापाची पोर नागम्माची होती.

शिवण, अक्षरं, सगळं तिला त्या पत्र्याच्या शेडात आलं. अक्षरं उशिरा आली, केस पिकायला लागल्यावर. झगा मात्र लगेच आला. तिनं तो उसवला नाही, बोटं आत घालून घालून वाचला. मग आयुष्यभर तोच शिवला. आधी वाढदिवसाचे फ्रॉक, मोठ्या फुगलेल्या घेराचे, पोरी फोटोला उभ्या राहायच्या आणि जाळी टोचते म्हणून रडायच्या. मग गॅदरिंगचे परीचे पोशाख. मग नवरीचे घागरे आले, घागऱ्याखाली कॅनकॅन आला, आणि लातुरातली प्रत्येक नवरी स्टेजवर सिंहासनासारख्या खुर्चीत आपल्या घेराच्या मधोमध बसवली जायला लागली. तिला पाणी पाजायचं तर कुणीतरी वाकून हात लांब करायचा. लघवीला जायचं तर मैत्रिणी घेर धरून मागं. असल्या पोशाखात कुणी नाचत असंल हे नागम्माला कधी खरंच वाटलं नाही. रईसाआपा म्हणाली म्हणून तिनं मानलं होतं.

ते खरं वाटलं उर्वीमुळं. उर्वी वरच्या मजल्यावर राहायची. धर्माबादच्या मिरचीच्या आडत्याची पोर. "काकू, मी शिंकत शिंकतच मोठी झाले," असं पहिल्याच दिवशी सांगून तिनं हसवलं होतं. रविवारी गेट उघडलं की ती फाटका कुर्ता घेऊन खाली यायची, आणि कुर्ता नीट असला तर काखेत मुद्दाम उसवून आणायची. नागम्माला ते टाक्यावरून कळायचं. ती तरी शिवून द्यायची. होस्टेलात फोनला बंदी, म्हणून उर्वी तिच्या फोनवर वाचायची. झग्याचं नावही तिनंच शोधलं, टुटू. "काकू, हा आधी घोट्यापर्यंत असायचा. पॅरिसला. बाई जमिनीवर नाही, हवेत आहे असं वाटावं म्हणून पातळ जाळीवर जाळी. पण पाय दिसेनात. आणि पायांची तर सगळी करामत! म्हणून मग कापत कापत वर नेला, गुडघा, मग मांडी, मग असा आडवा." बोलता बोलता ती चपला काढून टाचा उचलायची, टेबलाची कड धरायची, आणि पायाच्या पुढच्या भागावर उभी राहायची. पोटऱ्या थरथरायच्या. "स्टेजवर गॅसचे दिवे असायचे, काकू. जाळी पेटायची. घेर काढून टाकायला वेळ मिळायचा नाही. मग कुणीतरी औषध लावलेली जाळी काढली, न पेटणारी. पण ती कडक व्हायची, पिवळट दिसायची. पोरी नको म्हणाल्या."

"नको म्हनाल्या? मग?"

"मग काय. जळाल्या काही."

नागम्माला त्या पोरींचा राग आला होता. नंतर रात्रभर तो राग कुणाचा होता हे तिला उमगलं नाही. "अन ते आपल्याकडं कसं आलं?" तिनं विचारलं. उर्वी म्हणाली, मोठी लढाई संपल्यावर तिकडच्या कपडे शिवणाऱ्यांनी तो घेर नाटकातनं उचलला, श्रीमंत बायांना नेसवला. तिथून गाऊन, तिथून लग्नं, सिनेमे, आणि फिरत फिरत तुमच्या मशीनवर. "अन नाच?" "नाच तिथंच राहिला, काकू. घेर तेवढा आला." मागच्या रविवारी ती जाताना थांबली होती. "काकू, एखाद्या दुपारी थोडा वेळ उघडाल का? जिन्यात तरी उभी राहीन. वर दोन कॉटांच्या मधे पाय टाकायला पण जागा नाही. मी पळून नाही जात." नागम्मा म्हणाली, "किल्ली माझी न्हाई, माय." उर्वी हसली. "खिळ्याला तर तुमच्याच आहे."

आणि आता आवाज आला. डबा वाजायच्या आधी आवाज आला. पायाखालून, लांबून, मोठी गाडी मागं घ्यावी तसा, पण रस्त्यावर गाडी नव्हती. डबा वाजला. कात्री टेबलावर थरथरली, या वेळी भास नव्हता. नागम्माच्या तोंडात माती आली. खरीच चव आली, पांढऱ्या मातीची, खारट. त्यांच्या घराला माळवद होतं, मातीचं धाब, सपाट छत. दर उन्हाळ्यात गावात प्रत्येक घरी माळवदावर पांढरी माती टाकायची, पावसात गळू नये म्हणून. जुना थर काढायचा नाही, त्यावरच नवा. टोपल्या चढवायच्या, पाणी मारायचं, बडवायचं. ज्याचं माळवद जाड त्याचं घर पक्कं. दुपारी आत कसं गार लागायचं! लग्न होऊन आली तेव्हा सासू अभिमानानं म्हणाली होती, आमच्या माळवदावर आजेसासऱ्याच्या हातची माती हाय. पिढ्या डोक्यावर घेऊन माणसं खाली निजत होती. त्या वर्षी जमीन आधीपासून गुरगुरत होती. उतरंडीची मडकी वाजायची, लोक घाबरून अंगणात निजले, महिने गेले, काही झालं नाही. मग पाऊस लागला. कुणी म्हणालं, किती दिवस बाहेर भिजायचं? गणपती आले, गणपती गेले, दमून सगळे आत निजले. मडकी वाजायची सवय झाली होती. वाजली तर कूस बदलायची.

कोसळलेल्या माळवदाखाली अंधार होता आणि छातीवर वजन होतं. कणगीच्या आडोशाला तिच्या तोंडापुढं ओंजळभर पोकळी राहिली होती. लेक शेवंता तिच्या कुशीतून कधी उठली कळलं नाही. पोरगी चपळ, ती दारापर्यंत गेली होती. कडी काढल्याचा आवाजही नागम्मानं ऐकला. पण दार आत उघडायचं, आणि दारापुढं आतून माती. "माय, दार निघंना." पोरगी ओरडली नाही. चूल पेटंना, चप्पल सापडंना, तसं म्हणाली. "माय, दार." नागम्मानं बोलायला तोंड उघडावं तर माती आत यायची. उजाडल्यावर लोक आले, वरून एकेक थर काढायला लागले, आणि तिला वरून माणसांचे आवाज येत राहिले, दाराकडून काहीच आलं नाही.

ती उठली. घेर सोडवायच्या भानगडीत पडलीच नाही. मालविकाचा कॅनकॅन सुईखाली टर्रकन फाटला. खिळ्यावरची किल्ली घेतली. घाईत किल्ली कुलपावर आपटत राहिली, बसेना. वर कुठंतरी पंख्यांचा आवाज, एका सुरातलं पाठांतर. कुलूप निघालं. गेट गंजलं होतं, ते खांद्यानं ढकललं. "पोरींनो!" ती जिन्यात ओरडली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "खाली या गं! जमीन हालायलीय! वह्या टाका अन खाली या!"

आधी कुणी आलं नाही. मग कठड्यावरून तोंडं डोकावली. "काय झालं काकू?" "साप निघाला का?" मग त्या उतरल्या, गाऊनवर ओढण्या घेत, काही अनवाणी, बऱ्याच जणींच्या हातात पुस्तक बोट घालून मिटलेलं. उन्हात डोळे बारीक करत रस्त्याच्या मोकळ्या कडेला उभ्या राहिल्या. समोरच्या पोरांच्या होस्टेलातून शिट्टी आली. रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला.

"भूकंप? आम्हाला तर काहीच नाही कळलं."

"तुला आपला स्वतःचा बीपी तरी कळतो का?" कुणीतरी हसलं.

"ए, उद्याची टेस्ट कॅन्सल होईल का गं?"

"भूकंप झाला तरी ऑनलाइन घेतील."

नागम्मा इमारतीकडं बघत उभी होती. इमारत उभी होती. खिडक्यांत वाळत घातलेले कपडे हलत होते, वाऱ्यानंच. बराच वेळ गेला. पोरी या पायावरून त्या पायावर झाल्या. एकीनं बोट घातलेलं पान उघडून तिथंच वाचायला सुरुवात केली, मग दुसरीनं. "काकू, जाऊ का वर? रिव्हिजन राहिलीय." नागम्माकडं सांगायला तेवढा बॉबिनचा एक डबा होता. एकेक करून त्या जिन्यात शिरल्या. आतल्या गारव्यात गेल्यावर त्यांचे आवाज पुन्हा नेहमीसारखे झाले.

उर्वी शेवटी राहिली. ती रिकाम्या रस्त्यावर चपला काढून उभी होती. तिनं टाचा उचलल्या, हात जरा बाजूला घेतले, धरायला काही नसताना. क्षणभर ती कशालाही न धरता उभी राहिली. मग टाचा टेकल्या.

"मला कळलं होतं, काकू. कॉट हलली होती."

"मग वर कामून चाललीस?"

"सगळ्या गेल्यात ना." तिनं चपला हातात घेतल्या. "तुम्ही आत बसू नका हां. बाहेर बसा."

ती गेल्यावर नागम्मा दुकानात आली. फळीवर बसून तिनं पिशवीतून झगा काढला, सुईत दोरा ओवला, आणि किल्ली जाळीच्या खालच्या आखूड थरात ठेवून सैल, लांब टाक्यांनी अडकवली. वरचे थर तिच्यावर पडले. बाहेरून काही दिसत नव्हतं. झगा पुन्हा भिंतीला लागला तेव्हा व्यंकटरावांची गाडी दारात थांबली होती.

"काकू, काय लावलंय हे? पालकांचे फोनवर फोन यायलेत मला. पोरी रस्त्यावर कशाला उभ्या केल्या म्हणून!"

"जमीन हालली, व्यंकटराव."

"हालली! हालली असती तर टीव्हीवर आलं नसतं का?"

"टीव्हीवर येईस्तवर..."

ते ओशाळले, पण क्षणभरच. "तुमचं दुःख मला ठाऊक हाय. म्हणून काय रोज गाव बाहेर काढायचं? किल्ली द्या."

"सापडंना."

त्यांनी खिळा बघितला, डबा उपडा केला, बॉबिनी जमिनीवर गडगडल्या. गल्ला बघितला. लेकीचा फाटलेला कॅनकॅन उचलून झटकला. भिंतीकडं त्यांची नजर गेली, झग्यावरून फिरली आणि परत आली. "हरवली म्हणा की सरळ," ते म्हणाले. कुलूप बिनकिल्लीचं दाबून लावलं तर उघडायचं कसं, म्हणून त्यांनी ते खिशात टाकलं. "संध्याकाळी नवं आणतो. अन काकू, महिनाअखेर जागा बघा दुसरी. मला आता नको ही जोखीम." गाडीला किक मारता मारता वळले. "मालविकाचा घागरा तेवढा पुरा करून जा. तुमच्यासारखा घेर दुसऱ्याला जमत न्हाई."

"हाव," नागम्मा म्हणाली.

तिनं स्टूल उंबऱ्यावर ओढलं. तिथं ऊन होतं, आभाळ होतं, डोक्यावर काही नव्हतं. पण मशीन आत होती, आणि फाटलेल्या जाळीला मशीनच लागणार होती. थोडा वेळ ती उन्हात नुसते हात घेऊन बसली. मग बॉबिनी वेचल्या, डब्यात भरल्या, स्टूल आत नेलं. कॅनकॅन मांडीवर घेतला. जाळी ओघळली, पायडलवर पसरली, पाय तिच्याखाली दिसेनासे झाले. उजवा हात मशीनवर ठेवला आणि डावा डब्याच्या झाकणावर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. चॅनल गेट सताड उघडं होतं. वाऱ्यानं त्याची एक पट्टी हलकेच वाजत होती. संध्याकाळपर्यंत ते तसंच राहणार होतं. ती वाट बघत होती, जिन्यात उर्वीचं पाऊल वाजेल म्हणून. वर मुली एका सुरात पायाची हाडं पाठ करत होत्या, मांडीपासून खाली, गुडघा, नडगी, घोटा, बोटांपर्यंत, आणि संपली की पुन्हा मांडीपासून.